वजन शेवटी बघा : अंगावर बाळगायचं छोटं रिव्हॉल्व्हर कसं निवडावं

दुकानाच्या काउंटरवर पाचशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर हातात आलं की बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "अरे, हे तर हाताला लागतच नाही!" आणि तिथेच सौदा ठरतो. हलकं शस्त्र दिवसभर अंगावर राहतं, जड शस्त्र आठवड्याभरात कपाटात जातं, हे खरंच आहे. पण जे हलकेपण कमरेला सुखाचं वाटतं तेच बार काढताना हातावर उलटतं. म्हणून क्रम असा ठेवा : आधी परवाना काय सांगतो, मग काडतूस, मग तुमचा पंजा आणि बोटाची ताकद, मग कपडे आणि होल्स्टर, म्हणजे शस्त्राची म्यान. एवढं पार केल्यावर जी दोन-तीन रिव्हॉल्व्हरं उरतील, त्यातलं हलकं घ्या.

परवाना

नाशिक शहराच्या आयुक्तालय हद्दीत राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे, आणि निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवला अशा ग्रामीण हद्दीत राहत असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्ज नमुना ए-१ मध्ये, एनडीएएल-एएलआयएस या केंद्रीय पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. सोबत शारीरिक-मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लागते. "स्वसंरक्षणासाठी" एवढ्या एका शब्दावर परवाना मिळेल अशी आशा धरू नका. धमकीची तक्रार, रोकड किंवा दागिने घेऊन नियमित ये-जा करावी लागते याचे कागद, शेतवस्ती गावापासून किती लांब आहे, असं ठोस काहीतरी चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ठेवता आलं पाहिजे.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत ५ वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी किमान ६० दिवस टाका. मुदत उलटल्यावर तेच शस्त्र बेकायदा ठरतं.

नाशिककरांची खरी फसगत होते ती परवान्याच्या कार्यक्षेत्रात. परवान्यावर फक्त महाराष्ट्र लिहिलेलं असेल आणि तुम्ही सुरगाण्यावरून सापुताऱ्याला किंवा पेठवरून धरमपूरकडे निघालात, तर सीमा कधी ओलांडली हे कळतही नाही आणि गुजरातच्या नाक्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. कांदा, द्राक्षं किंवा कापडाच्या धंद्यासाठी सुरतेला जाणं-येणं असेल तर अर्जातच त्याचं कारण देऊन कार्यक्षेत्र वाढवून मागा.

दुसरी गोष्ट मनाई आदेशाची. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरात शस्त्र बाळगण्यास बंदी घालणारे आदेश निघतात, बहुधा पंधरा दिवसांचे, सण, मोर्चे आणि आंदोलनांच्या काळात. त्यातून परवानाधारकांना सूट आहे की नाही, हे आदेशाचा मजकूर वाचूनच कळतं. निवडणुकीत आचारसंहिता लागली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते. जमा करताना शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. कुंभमेळ्याच्या गर्दीत, त्र्यंबकेश्वराच्या किंवा काळारामाच्या दर्शनाला, न्यायालयात किंवा ओझर विमानतळावर कमरेला शस्त्र लावून जायचं नाही.

बाजारात काय मिळतं

परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ बघून अनेकजण पाच बारांची, ४०० ग्रॅमच्या आतबाहेरची स्मिथ अँड वेसन किंवा रुगर मनात धरून बसतात. ती बहुतेक .३८ स्पेशलची असतात. आपल्याकडे .३८ हा प्रतिबंधित बोरांत (बोर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) मोडतो आणि परदेशी हॅंडगनची, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची, आयात सामान्य परवानाधारकांसाठी ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. तेव्हा ती यादी बाजूला ठेवा. आपली निवड मुख्यतः .३२ बोरातच करायची आहे.

आयुध निर्माणीचं जुनं .३२ रिव्हॉल्व्हर हे वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या धाटणीचं, मधून मोडणारं. वरची खिट्टी दाबली की नळी खाली झुकते. सहा बार, ७६ मिलिमीटर नळी, सुमारे ७०० ग्रॅम. २०१४ साली आलेलं 'निर्भीक' त्याच जातीचं, पण टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅम. कानपूरच्या एडब्ल्यूईआयएल या सरकारी कंपनीने २०२३ मध्ये 'प्रबळ' आणलं. त्याचा सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेला फिरता भाग, बाजूला उघडतो, नळी ७६ मिलिमीटर आणि वजन काडतुसांशिवाय ६७५ ग्रॅम. वेब्ली अँड स्कॉटची .३२ रिव्हॉल्व्हरं आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात तयार होतात. आणि 'निडर' हे .२२ चं, सुमारे २५० ग्रॅमचं, आठ बारांचं.

निडरबद्दल स्पष्टच सांगायला हवं. वजन मोहात पाडणारं आहे, पण .२२ हे कडेवर आघात होणारं काडतूस आहे. स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत पसरलेलं असतं आणि ते एकसारखं पसरलं नसेल तर बार फुसका जातो. बुडाच्या मध्यभागी स्फोटक टोपी असलेल्या .३२ सारख्या काडतुसात हे प्रमाण बरंच कमी असतं. ज्याच्या हाताला .३२ चा झटका सोसतच नाही, अशा वयस्क किंवा सांधेदुखी असलेल्या माणसासाठी ते योग्य. बाकीच्यांनी .३२ घ्यावं.

दोन्ही .३२ एक नव्हेत

रिव्हॉल्व्हरचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग आणि पिस्तुलाचं .३२ एसीपी ही दोन काडतुसं तळहातावर शेजारी ठेवून बघा. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचं पितळी कवच सुमारे २३ मिलिमीटर लांब, बुडाला बाहेर आलेली ठसठशीत कड, आणि पुढे शिशाची करडी गोळी. पिस्तुलाचं कवच सुमारे १७ मिलिमीटर, कड जेमतेम नखाला लागेल एवढी, गोळी तांब्याच्या रंगाची. परवान्यावर आणि बिलावर दोन्हीकडे नुसतं ".३२" लिहिलं की गोंधळ होतो. पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरांत शिरतंही, पण ते त्यासाठी बनवलेलं नाही आणि त्याचा दाब वेगळा आहे. दुकानातून डबा घेताना झाकणावरचं पूर्ण नाव वाचा आणि एक काडतूस बाहेर काढून कड बघा.

.३२ लाँगची शिशाची गोळी साधारण ९८ ग्रेन, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या आसपास, आणि वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या थोडा पुढे. हे सौम्य काडतूस आहे आणि छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी ते बरंच आहे. त्याची ताकद नेमात आहे, दणक्यात नाही. नेम चुकलेली गोळी मात्र किलोमीटरभर जाऊ शकते, हे गल्लीबोळात राहणाऱ्याने कायम लक्षात ठेवावं.

हलकेपणाची किंमत

काडतूस तेच असेल तर रिव्हॉल्व्हर जितकं हलकं तितका मागचा झटका जास्त. सहा काडतुसांचं वजन साधारण ६० ग्रॅम धरा. भरलेलं ७६० ग्रॅमचं आणि भरलेलं ५६० ग्रॅमचं, या दोघांत हलक्याच्या झटक्याची ऊर्जा सुमारे एकतृतीयांशाने जास्त भरते. .३२ चा झटका मुळात मोठा नाही, पण मूठ जर अरुंद आणि करंगळी अधांतरी राहणारी असेल तर तेवढ्याने रिव्हॉल्व्हर हातात फिरतं आणि दुसऱ्या बारासाठी पकड पुन्हा बसवावी लागते. घाईच्या वेळी त्यातच वेळ जातो.

दुसरी किंमत नेमाची. छोट्या रिव्हॉल्व्हरवर नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत १२ सेंटिमीटर अंतर धरलं, आणि माशी खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला गेली, तर ७ मीटरवर गोळी जवळपास ६ सेंटिमीटर चुकते. १५ मीटरवर हीच चूक साडेबारा सेंटिमीटर होते. जाहिरातीत पल्ला काहीही छापलेला असो, छोट्या रिव्हॉल्व्हरचा उपयोग एका खोलीच्या लांबीत आहे, असं समजून सराव करा.

हाताची परीक्षा

मराठीत "घोडा" म्हटलं की कुणी ट्रिगर समजतो, कुणी हॅमर. म्हणून इथे ट्रिगर (बोटाने ओढायची कळ) आणि हॅमर (मागून आपटून बार काढणारा भाग) असेच शब्द वापरले आहेत.

रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे स्वतः उघडून सहाही घरं बघून खात्री करा, दुकानदाराने बघितलं तरी. मग मालकाची परवानगी घेऊन, घरांत प्लॅस्टिकची डमी काडतुसं टाकून या तीन गोष्टी तपासा.

पहिली पकड. हाताचा अंगठा आणि तर्जनी यांमधला खळगा मुठीच्या माथ्याशी घट्ट बसवा. या पकडीत तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचलं पाहिजे. पोचत नसेल तर माणूस नकळत पकड वळवतो आणि गोळी बाजूला जाते. पंजा मोठा असेल तर उलट अडचण : बोट ट्रिगरच्या पलीकडे जाऊन मागे येताना अंगठ्यावर आपटतं.

दुसरी बोटाची ताकद. हॅमर आधी न चढवता नुसता ट्रिगर ओढून बार काढणं म्हणजे डबल ॲक्शन. यात साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा ओढा लागतो. हॅमर अंगठ्याने चढवून मग ओढला तर दोन किलोच्या आसपासच. सगळे चाचणी घेतात ती हॅमर चढवून, आणि फसतात इथेच. संकटात हॅमर चढवायला वेळ मिळत नाही, आणि चढवलेल्या हॅमरवर थरथरतं बोट ठेवणं हा अपघाताला निमंत्रण देणारा प्रकार आहे. म्हणून डबल ॲक्शननेच सलग बारा वेळा ओढा. आठव्या-नवव्या वेळी दुसरं बोट मदतीला घ्यावंसं वाटलं तर ते रिव्हॉल्व्हर तुमचं नाही. बायकांसाठी खरेदी करताना घरातला पुरुष चाचणी घेतो, हे तर मुळातच चूक. जी बाळगणार आहे तिच्याच नावावर परवाना हवा आणि तिच्याच बोटाने चाचणी व्हायला हवी.

तिसरी स्थिरता. माशीच्या मागच्या सपाट भागावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि डबल ॲक्शनने ट्रिगर ओढा. नाणं पडलं तर बोटाबरोबर मनगटही ओढलं जातंय. नव्या माणसाचं पडतंच. दहापैकी आठदा टिकेपर्यंत घरी असाच सराव करायचा. निडरसारखं .२२ मात्र डमीशिवाय रिकामं ओढू नका. त्याची पिन थेट घराच्या पोलादी कडेवर आपटून दोन्ही खराब होतात.

यंत्र तपासणं

नव्या मालालाही हे लागू आहे, जुन्या खरेदीला तर नक्कीच.

हॅमर अंगठ्याने अगदी सावकाश मागे घ्या. तो चढून अडकण्याआधी किंवा अडकताना सिलिंडर "टक" करून जागेवर पक्का बसला पाहिजे. सहाही घरांसाठी हे वेगवेगळं करा, कारण खराबी पुष्कळदा एकाच दात्यात असते. सिलिंडर उशिरा बसला तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. गोळीची कड कापली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारी उभ्या असलेल्याच्या गालाला ते लागतात.

सिलिंडरचं तोंड आणि नळीची मागची कड यांतली फट साधारण ०.१० ते ०.२५ मिलिमीटर असावी. मोजायला फीलर गेज चालतो. दुचाकीचं टॅपेट बसवायला मेकॅनिक वापरतात तोच, पातळ पात्यांचा. सिलिंडर मागे दाबून आणि मग पुढे दाबून, असं दोन्हीदा मोजा. फट फारच बारीक असेल तर दहा-बारा बारांनंतर काजळीने सिलिंडर अडतो. फार मोठी असेल तर दाब वाया जातो. आणि फट कितीही योग्य असली तरी तिथून बाजूला जळता वायू सुटतोच, म्हणून आधाराच्या हाताचा अंगठा कधीही सिलिंडरच्या पुढे ठेवू नका.

मधून मोडणाऱ्या जातीत वरची खिट्टी हाच कमकुवत सांधा. बंद करून एका हाताने मूठ, दुसऱ्याने नळी धरा आणि वर-खाली हलवा. जरासा खडखडाट जाणवला तरी नको म्हणा.

नळीत मागून पांढरा कागद धरून पुढून बघा. नळीच्या आत कोरलेला पीळ स्वच्छ दिसावा. मध्येच एक काळसर वलय दिसलं तर तिथे कधीकाळी गोळी अडकून वर दुसरी झाडली गेली असणार, आणि नळी आतून फुगली आहे. जुन्या शस्त्रावर निर्मात्याचं नाव आणि क्रमांक नीट उमटलेले हवेत आणि परवान्याशी, बिलाशी तंतोतंत जुळायला हवेत. क्रमांक घासलेला दिसला तर ते हातातून खाली ठेवा आणि दुकानाबाहेर पडा.

शेवटचा प्रश्न दुकानदाराला विचाराच : हॅमर खाली असताना रिव्हॉल्व्हर फरशीवर पडलं तर पिन काडतुसाला लागू नये म्हणून आत अडसर आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर सहाऐवजी पाचच काडतुसं भरा आणि हॅमर रिकाम्या घरावर ठेवा.

कपडे, पट्टा, होल्स्टर

शस्त्र नियम २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी हॅंडगन होल्स्टरमध्ये असावं लागतं आणि ते मिरवायची सक्त मनाई आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणं हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बागेत पाखरं उडवायलाही ते काढायचं नाही.

होल्स्टरची कसोटी सोपी. ट्रिगरचं कडं पूर्ण झाकलेलं हवं, इतकं की बाहेरून दाबूनही ट्रिगर हलणार नाही. उलटं करून झटकलं तरी रिकामं रिव्हॉल्व्हर पडता कामा नये. मऊ कापडी पाऊच किंवा बंडीचा आतला खिसा म्हणजे होल्स्टर नव्हे. खिशात ठेवायचंच तर खिशाचं ताठ होल्स्टर घ्या आणि त्या खिशात किल्ली, सुपारी, सुटे पैसे, काहीही ठेवू नका. किल्लीचं टोक ट्रिगरच्या कड्यात शिरल्याने अपघात होतात.

पातळ पट्टा सहाशे ग्रॅमनेही वाकतो आणि मूठ शर्टाबाहेर डोकावते. सुमारे ३८ मिलिमीटर रुंद, दुहेरी चामड्याचा पट्टा घ्या. नाडीचा पायजमा घालणाऱ्याने आत वेगळा कंबरपट्टा बांधावा. नाडीच्या भरवशावर शस्त्र खोचणं धोक्याचं आहे.

जागा उजव्या कमरेवर, हाडाच्या किंचित मागे. पाठीच्या मध्यावर मात्र कधीच नको. नाशिकमध्ये निम्मा प्रवास दुचाकीवर होतो आणि घसरून पाठीवर पडलात तर ते पोलाद थेट मणक्यावर बसतं. दुचाकीवर वाऱ्याने शर्टाचा मागचा पल्ला उडतो, म्हणून त्या दिवशी खाली बटणं असलेला, थोडा लांब शर्ट घाला. चारचाकीत सीटबेल्ट लावल्यावर मूठ दबते. म्हणून शस्त्र डॅशबोर्डमध्ये टाकून गाडी सोडून जायची सवय लागते. ती सवय लावून घेऊ नका. चोरीला गेलेल्या शस्त्राचं उत्तर परवानाधारकालाच द्यावं लागतं.

भरणं, रिकामं करणं, बिघाड

मधून मोडणारं रिव्हॉल्व्हर उघडताना झटक्यात आणि थोडं बाजूला कलवून उघडा. सावकाश उघडलं तर एखादं कवच परत घरात घसरतं, त्याची कड रिकामी कवचं बाहेर ढकलणाऱ्या तारकाकृती फेकणीच्या खाली जाते आणि रिव्हॉल्व्हर बंदच होत नाही. बाजूला उघडणाऱ्यात नळी आकाशाकडे करून फेकणीची दांडी तळहाताने एकदाच पूर्ण दाबा. त्याच फेकणीखाली जळक्या दारूचे दोन-चार कण साचले तरी सिलिंडर जड फिरतो. जुन्या टूथब्रशने ती जागा दर सरावानंतर साफ करा.

ट्रिगर ओढला आणि बार झालाच नाही, तर रेंजवर नळी लक्ष्याकडेच धरून ३० सेकंद थांबा. काडतूस उशिराने पेटू शकतं. आणि बार झाला पण आवाज "फुस्स" असा आला, झटका जाणवला नाही, तर लगेच थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. रिकामं करून नळीत लाकडी काठी घालून बघा, आणि गोळी असेल तर कारागिराकडे न्या.

कायद्याच्या बाजूने एवढं पक्कं असू द्या : भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं खासगी बचावाचा हक्क देतात, पण बचावाला लागेल तेवढ्याच बळाचा, आणि धोका असेपर्यंतच. पळून जाणाऱ्याच्या पाठीत मारलेली गोळी बचाव ठरत नाही.

घाम, पाऊस, कपाट

मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि कमरेचा घाम सरळ शस्त्रावर उतरतो. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातली ओल तर कपाटातही शिरते. दररोज रात्री कोरड्या सुती फडक्याने पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा. तेल म्हणजे थेंबभर. जास्त झालेलं तेल काडतुसाच्या टोपीत झिरपतं आणि काडतूस फुसकं होतं. म्हणून तेल लावताना काडतुसं बाहेर, आणि भरण्याआधी घरं कोरडी.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र मुक्कामाला ठेवू नका. चामडं ओल धरतं. चामड्याच्या पट्ट्यात खोचलेल्या काडतुसांवरही हिरवट थर येतो. पितळी भांड्यात ताक कळकतं, त्यातलाच प्रकार. असं काडतूस घरात अडकतं. घरी शस्त्र भिंतीला किंवा कपाटाला बोल्टने पक्क्या केलेल्या लॉकरमध्ये, काडतुसं दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या देव्हाऱ्यात किंवा फ्रीजवर नकोत. घरातल्या पोरांना त्या जागा आधी माहीत असतात.

रोज बाळगायची सहा काडतुसं दर सहा महिन्यांनी बदला. जुनी सहा रेंजवर सरावात वापरा, आणि ती रिकामी झाल्यावर किती उरली याची नोंद वहीत करा, कारण नूतनीकरणाच्या वेळी हिशोब विचारला जातो. बदलल्याची तारीख काडतुसांच्या डब्याच्या झाकणाला चिठ्ठी चिकटवून लिहा.